गेम लावला की हँग

लॅमिंग्टन रोडची पाटी केव्हाच बदलली, डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग झाली. पण ग्रँट रोड स्टेशनला उतरून पार्ट आणायला निघालेला माणूस आजही ‘लॅमिंग्टनला’च जातो. हे जुनं नाव लॉर्ड लॅमिंग्टन यांचं; ते १९०३ ते १९०७ मुंबईचे गव्हर्नर होते. आमच्या वडिलांच्या पिढीला हा थिएटरांचा रस्ता. इथल्या मिनर्व्हात १९७५ साली लागलेला ‘शोले’ पाच वर्षं हलला नाही. रेडिओ-टेपरेकॉर्डरचे पार्ट विकणारी दुकानंही इथलीच, आणि कॉम्प्युटरचा बाजार त्यांच्याच शेजारी वाढला. नोव्हेंबर १९८४च्या संगणक धोरणानं आयातीचं दार किलकिलं केलं. १९९७च्या माहिती तंत्रज्ञान करारानंतर बहुतेक सुट्या भागांवरचं सीमाशुल्क उतरत उतरत २००५पर्यंत शून्यावर आलं. तोवर लालबाग-परळच्या चाळींत असेम्बल्ड पीसी पोचला होता आणि त्याच्या मागोमाग माझ्यासारखा, बॅगेत स्क्रू-ड्रायव्हर घेऊन हिंडणारा कॉम्प्युटरवालाही.

कॉम्प्युटर यायचा मुलाच्या शिक्षणासाठी. संध्याकाळी त्यावर ‘रोड रॅश’ हा गेम सुरू व्हायचा. २००३नंतर ‘व्हाइस सिटी’ आली आणि तक्रार सगळीकडे एकच झाली: “काका, टायपिंगला काही होत नाही, गेम लावला की दहा मिनिटांत हँग.” आई आतून म्हणणार, “व्हायरस असेल हो, फॉरमॅट मारा.” फॉरमॅट मारून पैसे घेणारे पुष्कळ होते. पण नव्या विंडोजवरही गेम तिथंच अडकायचा.

कारण साधं आहे. टायपिंग करताना प्रोसेसर जवळजवळ रिकामा बसलेला असतो. गेममध्ये प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोघंही एकदम पूर्ण वीज मागतात आणि तेवढीच उष्णता ओकतात. त्यात २००४च्या प्रेस्कॉट जातीच्या पेंटियम फोरमधले काही शंभर वॉटच्या वर जाणारे. अशा वेळी गेम हीच मशीनची खरी परीक्षा ठरते आणि सर्वांत स्वस्तात घेतलेला भाग आधी नापास होतो.

तो भाग बहुधा एसएमपीएस, म्हणजे मशीनला वीज पुरवणारा डबा. कोटेशनवर प्रोसेसर, रॅम, हार्डडिस्क यांचा वेगळा भाव असायचा. एसएमपीएस कॅबिनेटसोबत ‘फुकट’ यायचा. लेबलवर साडेचारशे वॉट, हातात घेतला तर पाखरासारखा हलका. गेम चालू ठेवून मल्टिमीटरची लाल पिन पिवळ्या वायरीला आणि काळी पिन काळ्या वायरीला लावायची. बारा व्होल्टला पाच टक्क्यांची सूट धरतात, म्हणजे आकडा ११.४च्या खाली गेला की निदान झालं.

व्होल्टेज ठीक निघालं तर कॉम्प्युटर टेबलाकडे पाहायचं. सीपीयू तीन बाजूंनी बंद कप्प्यात आणि वर विणलेला रुमाल. दहा बाय बाराच्या खोलीत ओटा चार पावलांवर. फोडणीचा धूर आणि धूळ मिळून प्रोसेसरच्या फॅनखाली चिकट काळा थर बसायचा. तो ब्रशनं काढायचा, प्रोसेसरवरची जुनी वाळलेली थर्मल पेस्ट पुसून नवी लावायची, रॅमचे सोनेरी दात खोडरबरानं घासायचे. शेवटी वहिनींना सांगायचं, “कप्प्यातून बाहेर काढा, रुमाल टीव्हीवर घाला.” निम्म्या केसेस इथंच मिटायच्या.

उरलेल्यांत कपॅसिटर. साधारण १९९९ ते २००७ या काळात निकृष्ट इलेक्ट्रोलाइटचे कपॅसिटर जगभरच्या मदरबोर्डांवर बसले. प्रोसेसरच्या शेजारी उभ्या त्या छोट्या डब्यांचं सपाट डोकं फुगायचं, वरची खाच फाटून तपकिरी खपली जमायची. मुंबईत नवा बोर्ड परवडत नसलेल्या घरी लॅमिंग्टनवरून तेवढ्याच व्होल्टचे कपॅसिटर आणून, जुने सोल्डर उतरवून नवे बसवले जायचे. बोर्ड आणखी काही वर्षं चालायचा. रेडिओ दुरुस्त करणाऱ्यांचा हात कॉम्प्युटरला असा उपयोगी पडला.

आता लॅपटॉप आला, त्यात रॅमसुद्धा पुष्कळदा बोर्डालाच चिकटलेली. चाळींच्या जागी टॉवर उभे राहिले, काम कमी झालं. गेमसाठी पीसी जोडणारी पोरं मात्र अजून लॅमिंग्टनला येतात, महागडं ग्राफिक्स कार्ड घेतात आणि उरलेल्या पैशांत एसएमपीएस बसवतात. त्यांना एवढंच सांगणं: आधी चांगल्या एसएमपीएसचे पैसे बाजूला काढा, मग कार्डाचा भाव विचारा.