गच्चीवरून दिसणारा कर्नाळा

पाण्याच्या टाकीचा फ्लोट बघायला गच्चीवर गेलो की माझी नजर आधी दक्षिणेला जाते. कर्नाळ्याचा सुळका! पूर्वी तो सगळ्याच विंगच्या गच्चीवरून दिसायचा. आता समोर टॉवर झाल्यामुळे फक्त 'बी' विंगवरून दिसतो.

ताबा मिळाला त्या वर्षी डिसेंबरात सोसायटीतल्या बारा-पंधरा मुलांना घेऊन मी तिथे गेलो होतो. पहिल्या दरवाजापाशी एकाने विचारलं, "काका, हा किल्ला कोणी बांधला?" मी बेधडक ठोकून दिलं, "शिवाजी महाराजांनी!" गेल्या महिन्यात तोच मुलगा लिफ्टमध्ये आपल्या लेकीला हेच सांगत होता. मला ओशाळल्यासारखं झालं. स्मरणिकेच्या निमित्ताने चूक दुरुस्त करतो.

कर्नाळा महाराजांच्या जन्माआधीच कित्येकांच्या हातून गेलेला होता. तो यादवकाळाइतका जुना मानतात. बंदरावरून बोरघाटाकडे चढणाऱ्या वाटेवर त्याची नजर, म्हणून तो सगळ्यांनाच हवा होता. १५४० साली तो गुजरातच्या सुलतानाकडे होता. अहमदनगरच्या निजामशहाने तो घेतला, तेव्हा गुजरातच्या किल्लेदाराने वसईच्या पोर्तुगीजांना हाक मारली. त्यांनी किल्ला परत मिळवला आणि स्वतःकडेच ठेवला! पण सांभाळायचा खर्च परवडेना. शेवटी वर्षाला पाच हजार सोन्याचे पर्दाव घ्यायच्या बोलीवर त्यांनी तो निजामशहालाच देऊन टाकला. मेंटेनन्सचा प्रश्न तेव्हाही होता म्हणायचा.

महाराजांचं श्रेय मात्र तसूभरही कमी होत नाही. १६६५ च्या पुरंदरच्या तहात जे तेवीस किल्ले मोगलांना द्यावे लागले त्यांत कर्नाळा होता. तो १६७० साली मराठ्यांनी परत जिंकला. माती आणि फळ्यांचे आडोसे करायचे, ते पुढे सरकवत चढायचं, अशी ती लढाई. ज्या चढावर आपल्याला मोकळ्या हाताने धाप लागते, तिथे फळ्या घेऊन! ही गोष्ट मुलांना सांगायची सोडून मी बांधकामाची थाप मारली.

१८१८ च्या जानेवारीत कर्नल प्रॉथरने किल्ला घेतला. पायथ्याच्या शिरढोणचे फडके तिथले किल्लेदार होते, असं सांगतात. त्याच घरात १८४५ साली वासुदेव बळवंत जन्मले. आजोबांचा किल्ला गेला आणि नातवाने १८७९ मध्ये इंग्रजांविरुद्ध बंड केलं. एडनच्या तुरुंगात १८८३ साली ते गेले. गोव्याला जाताना शिरढोणवरून आपण सगळेच शंभरदा गेलो असू, पण गाडी किती जणांनी थांबवली?

आज वर काय आहे? खालचा आणि वरचा दरवाजा, भवानीमातेचं देऊळ, ढासळलेला तट, एका वाड्याच्या भिंती. एक मराठी शिलालेख आहे, पण इतका झिजलाय की वाचता येत नाही. फारसी लेखात सय्यद नुरुद्दीन महंमद खान हे नाव आणि हिजरी ११४६, म्हणजे १७३३-३४, एवढं आहे. मला सगळ्यांत आवडतात ती सुळक्याच्या पोटात कोरलेली टाकी. पहिली दोन वर्षं टँकरच्या मागे धावलेल्या माणसाला ती जास्तच कळतात. मालक बदलत गेले, दरवाजे पडले, टाक्यांत पाणी अजून आहे.

जाणार असाल तर सकाळी लवकर निघा. १९६८ पासून पायथ्याचं जंगल पक्षी अभयारण्य आहे, त्यामुळे तिकीट काढावं लागतं आणि प्लॅस्टिकची नोंद होते. सुळक्याला आग्या माश्यांची पोळी असतात. तिथे अत्तर, धूर, आरडाओरडा अजिबात नको.

हा लेख छापायला देण्याआधी त्या मुलाला, आता 'ए' विंगच्या सभासदाला, वाचून दाखवला. तो हसून म्हणाला, "काका, मग लेकीला तुम्हीच सांगा. मी पंचवीस वर्षं तुमच्या भरवशावर होतो." येत्या रविवारी तिला घेऊन 'बी' विंगच्या गच्चीवर जाणार आहे.