कोलुमेला आणि डॉर्किंगची पंचांगुली कोंबडी

इंग्लंडांत सरे परगण्यांतील डॉर्किंग या गांवच्या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या कोंबडीविषयीं कुक्कुटपालनाच्या पुस्तकांतून एक विधान वारंवार आढळतें. ही जात रोमन लोकांनीं ब्रिटनमध्यें नेली व तिचें वर्णन कोलुमेलानें इसवी सनाच्या पहिल्या शतकांतच करून ठेविलें आहे, असें तें विधान होय. सामान्य कोंबडीच्या पायास चार बोटें असतात, हिच्या पायास पांच. आणि पांच बोटांच्या कोंबड्या सर्वांत कुलीन समजल्या जातात असें कोलुमेला सांगतो. एवढ्या एका बोटावर ही सारी वंशावळ उभी आहे. घराण्यांच्या जुन्या वंशावळी पारखण्याची ज्यांस संवय आहे, त्या आमच्या वाचकांस हा प्रकार नवा वाटणार नाहीं.

प्रथम मूळ ग्रंथ पाहूं. कोलुमेला हा स्पेनमधील गादेस, म्हणजे हल्लींचें कादिझ, येथला. त्याच्या बारा पुस्तकांच्या कृषिग्रंथांत आठव्या पुस्तकीं कोंबड्यांचें प्रकरण येतें. ग्रंथाच्या जुन्या हस्तलिखितांत नवव्या शतकांतील दोन प्रमुख होत. एक मिलान येथें व दुसरें सेंट पीटर्सबर्ग येथें आहे. पहिली छापील आवृत्ति व्हेनिस येथें १४७२ सालीं निघाली.

उत्तम कोंबडीचीं त्यानें दिलेलीं लक्षणें अशीं: तांबूस पिसें, चौकोनी बांधा, भरदार छाती, मोठें डोकें, ताठ तांबडा तुरा आणि पांढरे कान. बांधा व छाती डॉर्किंगशीं जुळतात. परंतु डॉर्किंगच्या कानाच्या पाळ्या तांबड्या असतात! बोटें मोजणाऱ्यांनीं कान पाहिलेले दिसत नाहींत. शिवाय पांढऱ्या कोंबड्या नाजूक व अल्पायुषी असतात म्हणून त्या टाळाव्या, असें हाच लेखक बजावतो. आणि डॉर्किंगमध्यें तर पांढरा वाण मान्य आहे.

डॉर्किंगची दुसरी ख्याति ती मन लावून अंडीं उबविते ही होय. याहि बाबतींत रोमन आधार पुढें करण्याचा मोह होतो, म्हणून कोलुमेलाचें उबवणीचें प्रकरण आम्हीं मुद्दाम बारकाईनें वाचलें. तें फार वाचनीय आहे. खुडूक कोंबडीखालीं अंडीं विषम संख्येनें ठेवावीं. जानेवारींत पंधरा, मार्चांत एकोणीस, एप्रिलांत एकवीस. चंद्र वाढता असावा. गडगडाटानें अंडीं नासूं नयेत म्हणून पेंढ्याखालीं लॉरेलच्या डहाळ्या, लसूण व लोखंडी खिळे घालावे. राखणदारानें अंडीं हातानें फिरवावीं, म्हणजे ऊब सर्व बाजूंनीं सारखी लागते. एकोणिसाव्या दिवशीं पिलांनीं चोंच मारली कीं काय तें पाहावें. यांतील खिळ्यांचा भाग सोडला, तर अंडीं फिरविण्याचा उपदेश आजहि खरा आहे, व एकवीस दिवसांचा हिशेबहि तोच आहे.

मात्र या सर्व प्रकरणांत पांच बोटांची कोंबडी अधिक चांगली खुडूक बसते असें कोठेंहि म्हटलेलें नाहीं. उलट लेखकास तरुण कोंबड्यांची खुडूक नकोच आहे, कारण बसलेली कोंबडी अंडीं घालावयाची थांबते. तो उपाय सांगतो कीं, तिच्या नाकपुड्यांतून एक पीस आरपार घालावें. आमच्याकडील खेड्यांतूनहि खुडूक कोंबडी पुनः अंड्यावर यावी म्हणून तिच्या नाकांत पीस घालतात. आतां हा उपाय आमच्या कुणब्यांनीं कोलुमेलापासून घेतला असें कोणी म्हणणार नाहीं. एकच अडचण पडली म्हणजे एकच तोड दोन ठिकाणीं सुचते. मग बोटाच्या साम्यावरून वंश कां जोडावा?

पांचवें बोट ही डॉर्किंगची एकटीची मिरासहि नव्हे. फ्रान्समधील हूदां व चीनची रेशमी पिसांची सिल्की यांनाहि तें असतें. बेटसन यानें १९०२ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत हें जादा बोट संकरांतहि पुढें चालतें असें दिसून आलें. तेव्हां एखाद्या आगंतुक कोंबड्यापासूनहि तें एका कळपांतून दुसऱ्यांत जाऊं शकतें. तसेंच ब्रिटनमध्यें कोंबड्या रोमनांपूर्वींच होत्या. इ. स. पूर्व ५४ पर्यंत दोनदां तेथें जाऊन आलेला सीझर लिहितो कीं, ते लोक कोंबडा खाणें निषिद्ध मानीत व हौसेखातर पाळीत. रोमन राज्य तेथें बसूं लागलें तें इ. स. ४३ नंतर.

डॉर्किंगवरून रोमनांचा जुना रस्ता जातो हें खरें, आणि बहुधा त्यानेंच ही कथा पोसली असावी. परंतु या गांवच्या कोंबड्यांविषयीं ज्यावर बोट ठेवतां येतें असा चांगला लेख डीफोच्या प्रवासवर्णनांत आहे, व तो १७२४ च्या सुमाराचा आहे. तेथील बाजार लठ्ठ हंस व खच्ची केलेले मोठे कोंबडे यांसाठीं नामांकित असून लंडनच्या लेडनहॉल बाजारांतील व्यापारी डॉर्किंगचा कोंबडा म्हणून तो ओळखीत, असें तो लिहितो. आणि हे पक्षी ससेक्समधील हॉर्शमइतक्या लांबून तेथें विकावयास येत, हेंहि तोच सांगतो.