एकशे एकोणऐंशीवे घर

कचेरीच्या कामाचे साधन कलेच्या कामी यावे, हे प्रथमदर्शनी विपरीत वाटते. पत्रे, अहवाल आणि तक्ते यांसाठी जन्मलेल्या यंत्राकडून चित्राची अपेक्षा कोण करील? परंतु इंग्लंडातील फ्लोरा स्टेसी या बाईंनी १८९८ मध्ये टंकलेखनयंत्रावर कंस, बिंदू आणि आडव्यातिरप्या रेघा उमटवून एक सुंदर फुलपाखरू साकार केले होते. आपल्या मुंबईतही, बँकेत टंकलेखक असलेल्या चंद्रकांत भिडे यांनी याच रीतीने व्यक्तिचित्रे काढून नाव मिळविले.

टंकलेखनयंत्रावर कागद किंचित सरकविता येतो, एका अक्षरावर दुसरे उमटविता येते. संगणकाच्या पडद्यावर ती मुभा नव्हती. तेथे प्रत्येक चिन्हाला एक क्रमांक आणि एकच घर. १९६३ मध्ये अमेरिकेत १२८ क्रमांकांची ‘अ‍ॅस्की’ नामक सर्वमान्य यादी ठरली. पुढे १९६६ मध्ये बेल प्रयोगशाळेतील केनेथ नोल्टन आणि लिऑन हार्मन यांनी छायाचित्राच्या उजेड-अंधाराप्रमाणे बारीक चिन्हे मांडून एक भव्य चित्र सिद्ध केले.

१९८१ मध्ये आय.बी.एम. कंपनीने वैयक्तिक संगणक बाजारात आणला, तेव्हा चिन्हे २५६ झाली. वाढीव क्रमांकांतील काही युरोपीय अक्षरांना आणि गणितचिन्हांना मिळाले. तक्ते आखता यावेत म्हणून उभ्याआडव्या रेघा, कोपरे आणि भरीव ठोकळे यांनाही बरेच क्रमांक देण्यात आले. पडद्यावर ८० स्तंभ व २५ ओळी, म्हणजे अवघी २००० घरे. कळफलकावर या चिन्हांच्या कळा मात्र नव्हत्या. ही अडचण १९८६ मध्ये इयान डेव्हिस यांच्या ‘दि ड्रॉ’ या आज्ञावलीने सोडविली. बाणांच्या कळांनी घरोघर फिरावे, रंग निवडावा आणि वरच्या रांगेतील कळ दाबून ठोकळा बसवावा, एवढीच तिची रीत. असा रंगीत पडदा स्मृतीत ४००० बाइटांत मावे. ठिपक्यांचे ६४० गुणिले ४८० मापाचे सोळारंगी चित्र मात्र १,५३,६०० बाइट मागे. ज्या काळी दूरध्वनीच्या तारेवरून सेकंदाला सुमारे २४० अक्षरे जात, त्या काळी पहिले सुमारे सतरा सेकंदांत पोचे, दुसऱ्यास दहा मिनिटांहून अधिक लागत. या कलेचा प्रसार काटकसरीच्या पोटी झाला तो असा.

परंतु या हिशेबात देवनागरीला जागा कोठे होती? पहिल्या १२८ क्रमांकांत नव्हती, वरच्या १२८ क्रमांकांतही नव्हती. १९९१ मध्ये भारतीय मानक संस्थेने भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ ही संहिता प्रसिद्ध केली, तेव्हा आपल्या वर्णांना याच वरच्या घरांत बसविणे भाग पडले. परिणाम मोठा बोलका आहे. १७९ हा क्रमांक आय.बी.एम.च्या यादीत एका उभ्या रेघेचा होता. इस्कीत तो ‘क’ झाला. म्हणजे इस्कीत लिहिलेला मराठी मजकूर, सोय नसलेल्या यंत्रावर उघडला, की अक्षरांऐवजी रेघा, कोपरे आणि ठोकळे यांचा पसारा दिसे. तिकडच्या हौशी लोकांनी अक्षरांची चित्रे मुद्दाम काढली. आपल्या भाषेचे चित्र आपोआप निघाले, आणि ते कोणास वाचता येईना.

परप्रांती नोकरी केलेल्यांस यात नवल वाटू नये. आपले नाव दुसऱ्याच्या नोंदवहीत चढते, तेव्हा तेथील रकान्यांप्रमाणेच ते वाचले जाते, हा अनुभव आम्हां सर्वांचा आहे. १९९१ मध्येच प्रसिद्ध झालेल्या ‘युनिकोड’ने हा तंटा मिटविला. तेथे ‘क’ २३२५ व्या घरी राहतो आणि ती उभी रेघ ९४७४ व्या. दोघांनाही जागा मिळाली, कोणास कोणाच्या घरातून उठावे लागले नाही. आमच्या मते संगणकाच्या इतिहासातील ही घटना चित्रकलेइतकीच मोलाची आहे.