फुटांत मोजलेला तलाव

पावसाळ्यात भोपाळकर एकमेकांना विचारतात, "तालाब कितना हुआ?" उत्तर फुटांत येतं. 1666.80 झाले की मोठा तलाव भरला, मग भदभद्याचे दरवाजे उघडतात. हे फूट समुद्रसपाटीपासूनचे, खोलीचे नव्हेत. नवखा इथे हमखास फसतो. देश मीटरवर गेला, हा आकडा मात्र फुटांतच राहिला.

परंपरेनं तलाव राजा भोजाचा, 11व्या शतकातला. भदभदा धरण 1965चं, 11 दरवाजांचं. पाणी आणते कोलांस नदी. माझ्यातल्या इंजिनिअरला एवढंच खटकतं की पट्टी पातळी सांगते, नदीतून किती पाणी आलं ते नाही. शिवाय काठ उथळ असल्यानं वरचा एक फूट तळाच्या फुटापेक्षा कितीतरी जास्त पाणी धरतो. उन्हाळ्यात कोरडी पडते ती याच फुटाखालची जमीन, आणि भरावही तिथेच पडतो.