कॅराव्हॅनमधून फिरताना कॉम्प्युटर कोणता घ्यावा? खरेदीआधी हे गणित समजून घ्या

महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण जाहीर केलं. ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग जून २०२५ पासून पूर्ण खुला झाला. छत्रपती संभाजीनगरच्या औरंगपुऱ्यातून वेरूळ जेमतेम ३० किलोमीटर, तर अजिंठा साधारण १०० किलोमीटर. घरासारखी सोय असलेली गाडी घेऊन निघायचं आणि वाटेत ऑफिसचं कामही उरकायचं, असा बेत करणाऱ्यांपुढे पहिला प्रश्न येतो तो कॉम्प्युटरचा. घरी चालणारा कॉम्प्युटर गाडीत चालेलच असं नाही. कारण गाडीत वीज मोजून मिळते.

आधी विजेचा हिशोब

कॅराव्हॅनमधले दिवे, पंखा, फ्रिज सहसा १२ व्होल्टच्या वेगळ्या बॅटरीवर चालतात. १०० अँपिअर-अवरच्या बॅटरीत साधारण १२०० वॅट-अवर वीज मावते. ती लेड-ॲसिड प्रकारची असेल, तर निम्मीच वापरावी, नाहीतर तिचं आयुष्य झपाट्याने कमी होतं. म्हणजे हाताशी उरतात ६०० वॅट-अवर.

साधा लॅपटॉप लिखाण, ईमेल, व्हिडिओ कॉल अशा कामाला सरासरी १५ वॅट घेतो. आठ तासांचे झाले १२० वॅट-अवर. गेमिंग लॅपटॉप जोरात चालवला तर १५० वॅट सहज ओढतो, आणि तीच बॅटरी चार तासांत संपवतो. मग फ्रिजमधलं दूध आणि रात्रीचा पंखा, दोन्ही गेले!

गाडी सुरू करणाऱ्या मूळ बॅटरीवर लॅपटॉप कधीच लावून ठेवू नये. रात्रभरात ती उतरली, तर सकाळी घाटाच्या पायथ्याशी गाडीच सुरू होणार नाही.

टाइप-सी चार्जिंग का हवं?

जुन्या पद्धतीच्या चार्जरला २३० व्होल्ट लागतात. त्यासाठी इन्व्हर्टर बॅटरीची १२ व्होल्टची वीज २३० व्होल्टची करतो आणि चार्जर ती पुन्हा खाली आणतो. या दुहेरी फेऱ्यात बरीच वीज उष्णता होऊन वाया जाते. लॅपटॉप टाइप-सीवर चार्ज होत असेल, तर १२ व्होल्टच्या सॉकेटमध्ये ६५ वॅटचा कार चार्जर लावून काम भागतं. मात्र प्रत्येक टाइप-सी पोर्ट चार्जिंगसाठी नसतो. दुकानातच चार्जर लावून खात्री करावी.

छतावरचं १०० वॅटचं सोलर पॅनेल स्वच्छ उन्हात दिवसाला साधारण ३५० ते ४०० वॅट-अवर देतं. साध्या लॅपटॉपला ते पुरून उरतं. पावसाळ्यात मात्र हा आकडा खूप खाली येतो.

ऊन, धूळ आणि खड्डे

मराठवाड्यात मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. उन्हात बंद उभ्या गाडीत तापमान त्याहून कितीतरी चढतं, डॅशबोर्ड तर हात लावू देत नाही. लॅपटॉपची लिथियम बॅटरी अशा उष्णतेत लवकर खराब होते, कधी फुगतेही. लेणी बघायला उतरताना लॅपटॉप गाडीत ठेवू नये. ठेवावाच लागला, तर सावलीत, खालच्या कपाटात आणि पूर्ण बंद करून ठेवावा.

फिरती तबकडी असलेली जुनी हार्ड डिस्क धक्क्यांनी बिघडू शकते. एसएसडीमध्ये हलणारा भाग नसतो, म्हणून ती गाडीत जास्त सुरक्षित. तरीही महत्त्वाच्या फाइल्सची एक प्रत क्लाउडवर आणि एक वेगळ्या छोट्या ड्राइव्हवर असावी. लॅपटॉप पुन्हा विकत घेता येतो, पण मुलांचे फोटो किंवा वर्षभराचे हिशोब पुन्हा मिळत नाहीत.

इंटरनेटचं काय?

घाटात आणि आडगावात एकाच कंपनीवर विसंबून चालत नाही. फोनमध्ये दोन वेगवेगळ्या कंपन्यांची सिमकार्डं ठेवून हॉटस्पॉट वापरणं हा सोपा उपाय. लागणारे नकाशे, फाइल्स निघण्याआधीच उतरवून घ्याव्यात.

कोणी काय घ्यावं?

• फक्त तिकिटं, सिनेमे, बँकेची कामं: कीबोर्ड जोडता येणारा टॅबलेट पुरेसा.
• ऑफिसचं काम: १३ किंवा १४ इंची, दीड किलोच्या आतला लॅपटॉप, १६ जीबी रॅम.
• व्हिडिओ एडिटिंग: ताकदवान लॅपटॉप लागेल, पण त्यासोबत गाडीतली बॅटरीही मोठी घ्यावी लागेल. तो खर्च आधीच धरावा.
• डेस्कटॉप: वेगळा मॉनिटर, जागा आणि सतत वीज मागतो, शिवाय स्वतःची बॅटरी नसते. शक्यतो टाळावा.

दुकानात विचारायचे पाच प्रश्न

१. टाइप-सीवर चार्ज होतो का, आणि किती वॅटवर?
२. बॅटरी किती वॅट-अवरची आहे? ५० च्या वर असलेली बरी.
३. स्क्रीनचा उजेड किती निट्स? खिडकीजवळ बसून काम करायला ४०० च्या आसपास हवा.
४. एसएसडी आणि रॅम नंतर वाढवता येते का?
५. वॉरंटी दुसऱ्या शहरातल्या सर्व्हिस सेंटरमध्ये चालते का?

पाचवा प्रश्न बहुतेक जण विसरतात. संभाजीनगरात घेतलेला लॅपटॉप कोकणात बंद पडला, तर दुरुस्तीसाठी सगळी सहल मागे फिरवायची का, हे त्याच उत्तरावर ठरतं.