नगर-नवीकरण आणि भोवतालच्या घरांचे मूल्य (अहिल्यानगर जिल्हा)

जुन्या वस्तीतील रस्ते रुंद करणे, मोडकळीस आलेल्या इमारतींच्या जागी नव्या उभारणे, पूल, बाजार, स्थानके व जलनिस्सारण यांची नव्याने रचना करणे, या सार्वजनिक कामांच्या समुच्चयास नगर-नवीकरण म्हणतात. आणि ज्यांच्या मालकांनी अशा कामासाठी स्वतःच्या पदरची कवडीही खर्चिलेली नसते, त्या शेजारच्या घरांच्या किमतीत त्यामुळे जो चढ अथवा उतार होतो, तो प्रस्तुत नोंदीचा विषय होय. अहिल्यानगर (2024 पर्यंत अहमदनगर) जिल्ह्यात खुद्द नगर शहर व शिर्डी ही त्याची दोन ठळक उदाहरणे आहेत.

मलिक अहमद निजामशहाने पंधराव्या शतकाच्या अखेरीस सीना नदीच्या काठी वसविलेल्या नगर शहरात नगरपालिका 1854 साली आणि महानगरपालिका 2003 साली स्थापन झाली. माळीवाडा वेस व दिल्ली दरवाजा यांच्या आतील जुन्या वस्तीत कापडबाजारासारख्या पेठांतून खाली पेढी आणि वर बिऱ्हाड अशी दाट घरे. उलट उत्तरेस सावेडी व दक्षिणेस केडगाव या बाजूंना आखीव भूखंडांवर वाढलेली नवी वसाहत. दौंड-मनमाड लोहमार्ग 1878 साली सुरू झाला, तेव्हा स्थानक गावापासून दूर राहिले, आणि त्या दोहोंना जोडणाऱ्या स्टेशन रस्त्याला पुढे शहराच्या प्रमुख रहदारीचा भार सोसावा लागला. पुणे, मनमाड, सोलापूर, छत्रपती संभाजीनगर, बीड, दौंड व कल्याण या सर्व दिशांचे रस्ते या एकाच शहरात मिळत असल्यामुळे इथे नवीकरणाचा प्रश्न प्रथम रहदारीचा आणि मागाहून घरांचा झाला.

स्टेशन रस्त्यावर सक्कर चौकापासून पुढे तीन किलोमीटरांहून किंचित लांब असा चौपदरी उड्डाणपूल बांधण्यात आला. कित्येक वर्षे चर्चेत राहिलेल्या या पुलाचे उद्‌घाटन नोव्हेंबर 2022 मध्ये केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांच्या हस्ते झाले. अशा पुलाचा लाभ त्याच्या सावलीत राहणाऱ्या घरास न मिळता, जिथे पूल जमिनीस टेकतो त्याच्या पलीकडील घरास मिळतो. कारण वाचलेला वेळ हीच पुलाची मुख्य देणगी, आणि ती पलीकडून येणाऱ्याच्या पदरी पडते. खालच्या घरांच्या वाट्याला येते ते पहिल्या मजल्याच्या खिडकीसमोरून जाणारे डांबर, रात्रभर चालणारा मालमोटारींचा आवाज, आणि दुकानासमोर गाडी उभी करण्याची हिरावलेली सोय. मागच्या गल्लीतील घरास मात्र आवाज कमी आणि मुख्य रस्ता जवळ, अशी मधली स्थिती लाभते. काम चालू असतानाचा काळ याहून कठीण. खोदलेल्या रस्त्याकडेच्या मिळकतीस गिऱ्हाईक नसते, आणि ज्याला मुलीच्या लग्नासाठी वा आजारपणासाठी त्याच वर्षी घर विकणे भाग पडते, त्याला पडत्या भावाने विसार घ्यावा लागतो. पुढे येणारी वाढ, थांबण्याची ऐपत असणाऱ्याच्या हाती जाते. नवीकरणाने मूल्य वाढते काय, एवढेच विचारणे म्हणूनच अपुरे आहे. ते कोणाच्या हाती असताना वाढते, हे त्याहून महत्त्वाचे.

रस्तारुंदीकरणाचे परिणाम घराच्या अंगावर दिसतात. रुंदीकरणाच्या रेषेत आलेल्या जुन्या वाड्याची ओसरी व दिंडीदरवाजा जातो, भिंतीतले कोनाडे उघडे पडतात, कधी जिना अर्ध्यावर तुटून राहतो. परंतु उरलेल्या अंगास रुंद रस्त्याचा दर्शनी भाग मिळाल्याने त्यात गाळे काढता येतात आणि लहान झालेली मिळकत पूर्वीच्या मोठ्या मिळकतीहून महाग ठरते. त्याच वाड्यातील भाडेकरूची कथा निराळी. मुंबई प्रांताच्या 1947 च्या भाडेनियंत्रण कायद्याने गोठलेली भाडी 1999 च्या अधिनियमानंतर वर्षाला 4 टक्क्यांनीच वाढत असल्याने, मालकाला वाडा उभा ठेवण्यापेक्षा रिकामा मिळण्यात अधिक लाभ असतो; जागा जितकी मौल्यवान, तितका भाडेकरूवर निघून जाण्याचा दबाव मोठा. त्याचे संरक्षण कायद्यात आहे, परंतु मूल्यवृद्धीच्या हिशेबात त्याचे नाव मिळकतपत्रिकेवर नसते.

काम सुरू होण्यापूर्वी केवळ नकाशावरची रेषाही किंमत हलविते. विकास आराखड्यात आरक्षण पडलेली जागा विकत घेण्यास कोणी धजत नाही; 1966 च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमाच्या कलम 127 अन्वये दहा वर्षांत ती संपादित न झाल्यास मालकास नोटीस देऊन आरक्षण व्यपगत करून घेता येते, पण तोवर एक पिढी निघून जाते. याउलट नियोजित रुंद रस्त्यालगतचे भाव, रस्ता होण्याच्या कितीतरी आधी चढतात. दुय्यम निबंधकाच्या कचेरीत मुद्रांक शुल्कासाठी वापरला जाणारा वार्षिक मूल्यदर तक्ता, लोकभाषेत रेडी रेकनर, विभागवार दर ठरवितो; त्यामुळे एकाच विभागातील पुलासमोरचे घर व मागच्या गल्लीतले घर यांच्यातील अंतर त्यात पुरतेपणी उमटत नाही.

सार्वजनिक खर्चाने निर्माण झालेल्या या वाढीत सार्वजनिक खजिन्याचा वाटा किती, हा प्रश्न या देशात नवा नाही. प्लेगच्या उद्रेकानंतर 1898 साली स्थापन झालेल्या मुंबईच्या सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने दाट वस्त्या पाडून रुंद रस्ते काढले. तेथून उठविलेल्या कष्टकऱ्यांना नव्या जागा न परवडल्याने शेजारच्या वस्त्या अधिक कोंदल्या आणि तिथली भाडी चढली. उपरोक्त 1966 च्या अधिनियमात, नगररचना योजनेमुळे भूखंडाच्या मूल्यात होणाऱ्या वाढीच्या निम्म्यापर्यंत अंशदान मालकाकडून घेण्याची तरतूद आहे. ही तरतूद न्याय्य व समंजस आहे. तथापि महाराष्ट्रात अशा योजना पुढील कित्येक दशके फारशा हाती घेतल्या गेल्या नाहीत, आणि एकेकटे पूल वा रुंदीकरण या चौकटीबाहेरच राहिले. परिणामी वाढ खासगी राहिली आणि खर्च सर्वांचा झाला.

शिर्डी येथे हीच प्रक्रिया श्रद्धेच्या बळावर घडली. श्रीसाईबाबांनी 1918 साली देह ठेवल्यानंतर वाढत गेलेल्या या क्षेत्रात साईनगर शिर्डी रेल्वेस्थानक 2009 साली, कोपरगाव तालुक्यातील काकडी येथील विमानतळ 1 ऑक्टोबर 2017 रोजी, आणि समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा डिसेंबर 2022 मध्ये खुला झाला. येथे घराचे मोल मंदिरापासून पायी किती अंतर यावर मोजले जाते, आणि राहते घर व लॉज यांच्यातील सीमा पुसट होते; जवळच्या गल्लीतील कुटुंबास वरचा मजला भक्तांस भाड्याने देऊन पैसा मिळतो, पण त्याच भावामुळे तिथे नव्याने राहू पाहणाऱ्या शिक्षकास वा मंदिराचा कारभार पाहणाऱ्या संस्थानच्या कर्मचाऱ्यास बाहेरच्या खेड्यांकडे वळावे लागते.

नगरात नवीकरणास आवर घालणाऱ्या दोन गोष्टीही आहेत. बागरोजा, दमडी मशीद यांसारख्या केंद्रसंरक्षित वास्तूंभोवती स्मारक-संरक्षण कायद्याच्या 2010 च्या दुरुस्तीनुसार 100 मीटरपर्यंत नव्या बांधकामास मनाई व त्यापुढे 200 मीटरपर्यंत नियमन असल्याने त्या परिघातील घर सहजी उंच करता येत नाही, आणि तेवढ्या प्रमाणात त्याची किंमत दबलेली राहते. दुसरी गोष्ट भिंगार छावणीची: तेथील ओल्ड ग्रँट पद्धतीच्या बंगल्यांत इमारत धारकाची व जमीन सरकारची असल्याने शेजारच्या भावाचा लाभ धारकास पूर्णपणे मिळत नाही. छावण्यांतील नागरी वस्त्या लगतच्या स्थानिक संस्थांत समाविष्ट करण्याचे धोरण केंद्र सरकारने अलीकडे अंगीकारले असून, भिंगारच्या नागरी वस्तीत ते अमलात आल्यास बांधकामाचे नियम महानगरपालिकेचे होतील. जमिनीचा हक्क मात्र स्वतंत्रपणे निकाली काढावा लागेल, आणि तेथील घरांचा भाव रस्त्यापेक्षा त्या हक्कावरच अधिक अवलंबून राहील.