उरलेल्या साखरेचा हिशेब

आमच्याकडे पाथरीला ऊस तुटला की वडिलांचा जीव खालीवर व्हायचा. कारखान्याच्या फाटकावर बैलगाडी दोन रात्री अडकली की वजन घटायचं, आतली साखरही फुटायची.

हे फुटणं गणितात प्रथम बसवलं लुडविग विल्हेल्मी या जर्मनाने, १८५० मध्ये. तेव्हा परभणी निजामाच्या राज्यात होती. साखरेच्या पाण्यात आम्ल घालून तो ध्रुवणमापीतून बघत राहिला. ध्रुवित प्रकाशाचं प्रतल उजवीकडून हळूहळू डावीकडे वळलं. वेग उरलेल्या साखरेच्या प्रमाणात, म्हणजे प्रथम कोटीची अभिक्रिया: निम्मी फुटायला जितका वेळ, तितकाच उरलेलीतली निम्मी फुटायला. वेग-स्थिरांक मात्र तापमानाबरोबर वाढतो. तीसेक वर्षं त्याची फारशी दखल कुणी घेतली नाही. पुढे ऑस्टवाल्डने ते काम उजेडात आणलं.

तुटलेल्या उसात हे काम विकरंही करतात. वडिलांना सूत्र ठाऊक नव्हतं. ते मोळ्यांवर पाचट टाकायचे अन् पाणी मारायचे.